बोरकुटे साहेबांचं लिव्हर

माझी बोटं आखूड आहेत, ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका मेकॅनिकने सांगितली. तोपर्यंत मी याच बोटांनी सगळं निभावलं होतं. लग्नात हार घातला, हजारो सह्या केल्या, भांडार विभागातली जाडजूड रजिस्टरं उलटीपालटी केली. कुणी काही बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही, आणि ती बोलायची तशी.

त्याआधी काय झालं ते सांगतो. हिंगण्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आमचा कारखाना आहे, तिथे मी भांडारप्रमुख. फेब्रुवारीत एका सकाळी कारखान्याच्या स्टँडवर गाडी लावताना माझी मोटरसायकल डावीकडे कलली. मी तिला सावरायला गेलो, तिने सावरू दिलं नाही. आम्ही दोघं अगदी सावकाश, एखादा ठराव मंजूर व्हावा तसे, आडवे झालो. नेमकी तेव्हाच कंपनीची बस आली होती आणि पहिल्या पाळीची सगळी माणसं खिडक्यांतून बघत होती. मला खरचटलं नाही. क्लचचं लिव्हर मात्र मधोमध तुटलं.

अर्ध्या लिव्हरवर मी आठवडाभर गाडी चालवली. दोनच बोटं मावायची, सगळा जोर अंगठ्यावर यायचा. संध्याकाळी बेसाला घरी पोचेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ निघायची की चहाचा कपही धरवत नसे.

"विका ते गाडी," आमच्या सौभाग्यवती जयवंता म्हणाल्या. "कंपनीची बस चौकातून जाते ना? सारा कारखाना बसनं जाते. तुमालेच काहून लाज वाटते?"

लाज नव्हती, अडचण होती. ज्या माणसांच्या उशिराच्या नोंदी मी करतो, त्यांच्या मांडीला मांडी लावून रोज पाऊण तास बसायचं कसं? शिवाय घरातले पडदे जयवंताच्या मर्जीचे, जेवणाची वेळ तिच्या मर्जीची, टीव्हीचा आवाज खालच्या अंजनाबाईंच्या मर्जीचा. बेसा ते हिंगणा एवढाच रस्ता माझ्या मर्जीचा होता. कुठून वळायचं, कुठे चहाला थांबायचं, हे मी ठरवत असे. बसमध्ये ते ड्रायव्हर ठरवतो.

म्हणून मी भैय्याजींकडे गेलो. भैय्याजी आमचे जुने मेकॅनिक. ते म्हणाले, "हात दाखवा साहेब."

मला वाटलं, हे भविष्यही बघतात की काय. त्यांनी माझा पंजा उलटसुलट केला आणि डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसा चेहरा केला.

"बोटं लहान हाय तुमचे. कंपनीचं लिव्हर दूर पडते. म्हणून अंगठा दुखून राहिला."

"मग?"

"बाहेरचं लावा. ॲडजेस्टवालं. सहा खाचे राहते त्याले. जवळ घ्या, दूर करा. एकदम मख्खन काम."

एवढंच त्यांनी म्हटलं. इथे मी गप्प बसून त्यांच्याकडूनच एक मागवलं असतं तर ही गोष्ट झाली नसती. पण घरी येताना मला जिन्यात वामनराव भेटले.

वामनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले, स्वतः सायकलपलीकडे काही चालवलं नाही. त्यामुळे वाहनांविषयी त्यांची मतं अनुभवाने गढूळ झालेली नव्हती. तासाभरात ते फूटपट्टी आणि वही घेऊन आमच्याकडे आले. दिवाणखान्यात बसून त्यांनी माझी दहाही बोटं मोजली.

"मधलं बोट सात सेंटिमीटरले कमी," ते वहीत लिहीत म्हणाले. "काहून गा बोरकुटे, लहानपणी टायफॉइड झाला होता का तुले?"

"नाही."

"मंग हे कशानं?"

जयवंता पोहे घेऊन आली होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने त्या हातांकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी मी आणि वामनराव मोबाइलमध्ये डोकं घालून लिव्हर निवडत होतो. एकेचाळीस प्रकार निघाले. दोन बोटांचं आणि चार बोटांचं. दुमडणारं आणि न दुमडणारं.

"दुमडणारं कशाला?" मी विचारलं.

"गाडी पडली तर लिव्हर दुमडते, तुटत नाही."

"आणि माझं काय होतं?"

वामनरावांनी वरखाली शोधलं. "तुह्यं काही दिलं नाही यात."

मग आम्ही लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, 'आयुष्य बदललं.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'स्क्रू पडला.' तिसऱ्याने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून आलेलं नाही.' शेवटी वामनरावांनी क्लच आणि ब्रेक दोन्हींची जोडी ठरवली, कारण त्यांच्या मते एकच हात सुखी करणं दुसऱ्या हातावर अन्याय होता. रंग काळा. भांडारप्रमुखाला शोभेल असा. पुण्याला शिकणाऱ्या आमच्या खुशीच्या खात्यावरून ती मागवली, कारण माझ्या खात्याचा पासवर्ड मला आठवत नव्हता आणि तो आठवण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही आठवत नव्हती.

खुशीला हे सगळं जयवंताने फोनवर समजावलं. गच्चीवर, मोठ्याने. फोन दूरचा असला की आवाज मोठा लागतो असं तिचं मत आहे.

"बाबाचं लिव्हर तुटलं वं खुशी! अर्धंच राहिलं! हो, बदलावंच लागते म्हणे, बाहेरून मागवून राहिलो!"

खालच्या गच्चीवर अंजनाबाई सांडगे घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिरव्या रसाचा पेला घेऊन दारात उभ्या. "भुईआवळा हाय. उपाशीपोटी घ्या. मी काही विचारत नाही, भाऊ. पण आता तरी सोडा."

"काय सोडू?"

"तेच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जयवंताकडे असं बघितलं की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

मी ताकापलीकडे काही प्यायलेलो नाही. लग्नाच्या वरातींतही मी हातात कोल्ड्रिंक धरून नाचणाऱ्यांच्या चपला सांभाळल्या आहेत. मी सांगितलं, "अंजनाबाई, गाडीचं लिव्हर. मोटरसायकलचं."

"हो, हो. गाडीचंच सांगा लोकायले," त्या समजुतीने म्हणाल्या. "बरोबर हाय तुमचं."

अंजनाबाईंचा मुलगा अंकित आमच्याच कारखान्यात माल पाठवणी बघतो. पुढचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको, पण मला ते कळायला पंधरा दिवस लागले.

दरम्यान मोबाइलवर निरोप आला: 'पत्ता सापडला नाही.' पार्सल वाडीच्या गोदामातून स्वतः घेऊन जावं. आमचा पत्ता वामनरावांनी नकाशासकट लिहिला होता. तरी मी अर्धी रजा टाकली आणि अर्ध्या लिव्हरवर अमरावती रोडच्या ट्रकांमधून वाडीला गेलो.

गोदामाच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. गळ्यातल्या कार्डावर नुसतं 'पिंकी' असं लिहिलेलं.

"नाव?"

"बोरकुटे."

तिने यादी बघितली. "बोरकुटे नाही. खुशी क्वीन हाय."

माझ्या मुलीने स्वतःचं नाव कधी बदलून घेतलं ते मला ठाऊक नव्हतं. "ती माझी मुलगी."

"आधार कार्ड?"

मी मोबाइलवर दाखवलं. "हे खुशी बोरकुटे हाय," पिंकी म्हणाली. "मंग क्वीन कोण?"

"तीच."

"तसं लिहून द्या. दोन साक्षीदार पाहिजे."

मागे पाच-सहा ट्रकवाले उभे होते आणि त्यांना आता घाई राहिली नव्हती. मी पालथ्या खोक्यावर कागद ठेवून लिहिलं: 'मी खाली सही करणार, लिहून देतो की, माझी मुलगी कु. खुशी हीच क्वीन असून, क्वीन नावाची अन्य कोणतीही व्यक्ती माझ्या कुटुंबात नाही.' साक्षीदार म्हणून हरियाणाच्या एका सरदारजींनी आणि एका हमालाने सही केली. सरदारजींनी मला मिठी मारली. त्यांना वाटलं, मुलीचं काहीतरी जुळून आलं.

घरी येऊन विळीने खोकं कापलं. आत लिव्हरं होती. सोनेरी. वरातीतल्या बँडवाल्यांच्या टोपीला असते तशी झालर डोळ्यांसमोर आणा, तो रंग.

परत पाठवायला फोन केला. एका बाईने हिंदीत विचारलं, खोकं कापलं आहे का? कापलं आहे. मग परत घेता येणार नाही. मी म्हटलं, कापल्याशिवाय रंग कसा कळणार? ती म्हणाली, आपका दिन शुभ हो.

मी ती जोडी रुमालात गुंडाळून भैय्याजींकडे नेली. वामनराव गाडीवर मागे बसून आले. क्लचचं लिव्हर बसलं. ब्रेकचं हातात घेऊन भैय्याजींनी गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघितलं.

"साहेब, हे तर डिस्क ब्रेकवालं हाय. तुमच्या गाडीले डिस्क कुठं हाय? ड्रम हाय तुमचा."

मी वामनरावांकडे बघितलं. त्यांनी वही उघडली. "डिस्क लिहून होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, लावाची माहिती डिस्कमधे देत असतील. सीडी असते तशी."

त्या संध्याकाळी मी एका बाजूला सोनेरी आणि एका बाजूला जुनं काळं असं घेऊन घरी आलो. जयवंताने गच्चीवरून बघितलं. "एकाच कानात डूल घातल्यासारखं दिसते," ती म्हणाली. शेजारच्या दोन गच्च्यांवरून हसण्याचा आवाज आला. मी जेवलो नाही.

वामनरावांना त्या हसण्याचं माझ्यापेक्षा जास्त लागलं असावं. सकाळी ते मला न विचारता भैय्याजींकडे जाऊन आले. भैय्याजींकडे माझ्या मोटरसायकलच्याच कंपनीची एक गाडी आली होती, मागून ठोकलेली, पुढचा भाग कोरा. तिचे धक्के झेलणारे पुढचे शॉकप, चाक, डिस्क, सगळं काढून माझ्या गाडीला लावता येणार होतं. लिव्हरसाठी ब्रेक, ब्रेकसाठी चाक, चाकासाठी शॉकप. मी "नको" म्हणायला गेलो तेव्हा माझ्या गाडीचं पुढचं चाक आधीच भिंतीला टेकून उभं होतं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. पुढून तरुण, मागून तेरा वर्षांची. पुढचे शॉकप नवे असल्यामुळे ती सारखी वर तोंड करून बघायची. पण मी क्लचवर हात ठेवला आणि पहिल्या खाचेवर माझी चारही बोटं लिव्हरभोवती नीट वळली. अंगठ्याला कळ नाही. खरं सांगतो, रिंगरोडला लागेपर्यंत मी स्वतःशीच हसत होतो.

पहिल्या सिग्नलला कळलं. लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबलं तरी गाडी हळूहळू पुढे सरकतच होती. पुढच्या रिक्षाला चिकटून थांबलो. परत भैय्याजी.

"जवळ घेतलं तर क्लच पुरता सुटत नाही," ते म्हणाले. "दूर केलं तर सुटते."

"दूर केलं तर माझं बोट पोचत नाही."

"हो."

मग त्यांनी तिसरी खाच लावली. तिसऱ्या खाचेवर माझी बोटं थोडीशी पोचत होती आणि क्लच थोडासा सुटत होता. वामनराव म्हणाले, खात्यात आम्ही सगळे तंटे असेच मिटवायचो.

या सुमारास कारखान्यात लोक माझ्याशी विचित्र वागू लागले होते. शिपाई खुर्ची पुढे करायचा. कँटीनवाला न सांगता बिनतेलाची भाजी वाढायचा. मालासाठी माझ्याशी हमरीतुमरीवर येणारे पर्यवेक्षक "जाऊ द्या सर, उद्या द्या" म्हणायचे. मला वाटलं, डिस्क ब्रेकमुळे माझा दबदबा वाढला.

मग आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं. रोहित डहाके, वय तीस, मनाने फार चांगला मुलगा. "सर, यंदा सुरक्षा सप्ताहात तुमचा सत्कार करायचा ठरलाय. वीस वर्षं विनाअपघात दुचाकीने येणंजाणं. खरं तर पंचवीस वर्षांना देतो आपण. पण म्हटलं..." त्याने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "म्हटलं, यंदाच करू."

"अहो, पण परवा स्टँडवर मी पडलो."

"उभी गाडी पडली तर तो अपघात धरत नाहीत, सर. आणि तुम्ही त्या... त्या त्रासातही गाडीवर येता. सगळ्यांसाठी उदाहरण आहे हे. नवीन लिव्हर मिळालं म्हणे?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण वीस वर्षांत त्या कारखान्यात मला कुणी "बसा" म्हटलेलं नव्हतं. भांडारप्रमुखाकडे लोक येतात ते खिळे कमी का दिले हे विचारायला. मी म्हटलं, "हो, मिळालं." एवढंच. ते खोटंही नव्हतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सत्काराच्या दिवशी जयवंताला आणायला कंपनीने गाडी पाठवली. ती काठाचं पातळ नेसली होती. मी मात्र मोटरसायकलवरून यायचं होतं. रोहितने तसं बसवलंच होतं: गेटमधून सावकाश आत, मंडपासमोर थांबायचं, हेल्मेट काढायचं, हार, फोटो. मंडपासमोर पाठवणी विभागाच्या मुलींनी रांगोळी काढली होती, दहा फूट लांब: 'सुरक्षितता प्रथम'.

मी गेटमधून आत शिरलो. चारशे माणसं उठून उभी राहिली, टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत मला जयवंता दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, आपण खरंच काहीतरी केलंय. मी क्लच दाबला. गाडी थांबली नाही. मी आणखी दाबला. गाडी सरकतच राहिली. मी जवळ येतोय म्हणून टाळ्या वाढल्या. मग मी नवा ब्रेक दाबला, पूर्ण, आणि पुढचं चाक रांगोळीवर होतं.

मी 'सुरक्षितता'वर पडलो आणि 'प्रथम'पर्यंत घसरत गेलो. गाडी माझ्या पुढे गेली आणि तिने मंडपाचा मधला खांब घेतला. वरचं कापड शांतपणे खाली आलं, पाहुणे, व्यवस्थापक, हार आणि रोहित यांच्यावर. कापडाखालून माइकवर रोहितचा आवाज सगळ्या आवारात ऐकू आला: "घाबरू नका! पेशंट आहेत ते!"

लिव्हर दुमडलं, तुटलं नाही. अंगठा तुटला.

कंपनीचे डॉक्टर धावत आले, अंगठा बघितला आणि म्हणाले, "याला वेदनाशामक नाही देता येणार. लिव्हरचा रुग्ण आहे."

तेव्हा जयवंता कापडाखालून वाट काढत तिथपर्यंत आली होती. माइक अजून चालूच होता.

"कोणाचं लिव्हर?" ती ओरडली. "लिव्हर गाडीचं हाय! माह्या नवऱ्यानं उभ्या जन्मात दारूचा थेंब नाही घेतला! त्यायले गोळी द्या आधी!"

मग कुठेतरी मागे एक माणूस हसला, आणि मग चारशे. मी रांगोळीत उताणा पडलो होतो. अंगावर लाल आणि हिरवा रंग. जयवंता माझ्या बाजूला मातीत बसली, पातळाची पर्वा न करता, आणि माझा मोडका हात मांडीवर घेऊन त्या हसणाऱ्यांकडे अशी बघत राहिली की पुढच्या दोन रांगा तरी थांबल्या.

रीतसर चौकशी झाली. अहवाल सहा पानांचा. घटनेचं कारण: वाहनात अनधिकृत बदल. सुधारणात्मक उपाय: कर्मचाऱ्यांच्या दुचाकींची रोज गेटवर तपासणी. तपासणी अधिकारी: सदर कर्मचारी, कारण त्यास विषयाचा अनुभव आहे. रोहितने सही केली. तो माझ्याकडे बघू शकत नव्हता, मीही त्याच्याकडे नाही.

प्लास्टर निघाल्यापासून मी बसने येतो. मांडीला मांडी लावून. सकाळी सातला गेटवर उतरतो, हिरवं जाकीट घालतो, शिट्टी गळ्यात अडकवतो आणि येणारी प्रत्येक गाडी तपासतो. कंपनीचं मूळ लिव्हर असेल तर आत, बाहेरचं असेल तर नोंद आणि गाडी बाहेर.

मागच्या सोमवारी पॅकिंगला नवीन लागलेला एक मुलगा आला. रोशन नाव, वाडीला खोली घेऊन राहतो. त्याच्या गाडीला काळी लिव्हरं होती, दोन बोटांची, दुमडणारी. स्क्रूसुद्धा काळे. मी नोंदवही उघडली. नियम मीच रोज वाचून दाखवतो.

"तपासावं लागेल," मी म्हटलं आणि क्लचवर हात ठेवला.

दाबलं. काहीच जोर लागला नाही. बोटं आपोआप वळली आणि आत कुठेतरी एक हलकीशी टक् झाली. बरा झालेला अंगठा जागच्या जागी स्वस्थ होता. मी चालू गाडी गिअरमध्ये टाकायला सांगितली. ती केसभरही सरकली नाही.

मागे वीस-पंचवीस गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजायला लागले. पाळीचा भोंगा झाला.

"सर," रोशन हळूच म्हणाला, "जाऊ का मी? उशीर होऊन राहिला."

"थांब जरा," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा दाबलं.